पळतीचा खेळ का अडखळतो?

लढायांना जसा इतिहास असतो तसा खेळांनाही असतो. परंतु तो लिहून ठेवण्याचे कष्ट आपण फारसे घेतलेले नाहीत. कोणत्या किल्ल्याला केव्हा वेढा पडला हे आपणांस तोंडपाठ असते. पण ज्या मैदानावर आपण लहानपणी गुडघे फोडून घेतले, त्या मैदानावरचे नियम कोणी केले, ते केव्हा बदलले आणि त्या बदलाने खेळणाऱ्याचे काय झाले, हे विचारले तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. म्हणूनच आज विषय घेतला आहे तो खो-खोचा, आणि त्यातही फक्त अर्ध्या खो-खोचा, म्हणजे पळतीचा.

निमित्त साधे आहे. आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयाचा खो-खो संघ मैदानात उतरला की बघ्यांच्या तोंडून एकच तक्रार ऐकू येते. पाठलाग बरा होतो, पोरे सूर चांगला मारतात, परंतु पळतीला उभी राहिली की पहिली तुकडी बघता बघता बाद होते. मग निवाडाही तिथल्या तिथे दिला जातो: ‘आताच्या पोरांत दम राहिला नाही.’ हा निवाडा फार जुना आहे. प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीविषयी तो दिलेला आहे, आणि म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. पळणारा बाद झाला म्हणजे पायच कमी पडले असे नसते. पायांच्या भोवती नियम असतात, जमीन असते, समोरचा पाठलाग असतो आणि मागे घरची परिस्थिती असते. ह्या चारही गोष्टी बदलल्या असतील तर दोष एकट्या पायांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

१. खेळाची घडण

खो-खोचे नाते कोणी महाभारतातील चक्रव्यूहाशी जोडतात. ऐकायला हे गोड वाटते, पण त्याला पुरावा नाही. पुराव्याचा इतिहास सुरू होतो तो विसाव्या शतकाच्या आरंभी, पुण्यात. डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला आणि १९१४ साली तेथील समितीने खो-खोचे पहिले नियम बांधले. तत्पूर्वी हा खेळ गावोगाव चालत असे, परंतु प्रत्येक गावाचा कायदा निराळा होता. जुन्या वर्णनांवरून दिसते की, आरंभी मैदानाच्या दोन टोकांना लाकडी खांबसुद्धा नव्हते. खांबांच्या जागी दोन गडी बसत आणि त्यांनाच वळसा घालून पळापळ चाले. पुढे १९२४ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम प्रसिद्ध केले, आणि १९३५ च्या सुमारास अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना अधिक नेटके रूप दिले. अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धा प्रथम भरली ती १९५९-६० साली विजयवाड्यास. त्यानंतर दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई खेळांत प्रात्यक्षिक झाले, गुवाहाटीच्या २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत पदके लागली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. त्यात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच.

हा सारा प्रवास अभिमानाचा आहे. परंतु अभिमानाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होते. ह्या शंभराहून अधिक वर्षांत खेळाचे दोन अर्धे सारख्या वेगाने वाढलेले नाहीत. पाठलागाचा अर्धा भराभर शिकत गेला; पळतीचा अर्धा मात्र जे मुळात उत्तम होते तेच सांभाळत राहिला.

२. नऊ मिनिटांचा हिशेब

खेळ सर्वांनी पाहिलेला आहे. तरी त्याचा हिशेब एकदा मांडून घेऊ. पाठलागाचे आठ गडी मधल्या पाटीवर चौकोनांत बसतात, एकाचे तोंड इकडे तर दुसऱ्याचे तिकडे. नववा उठून धावतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत गेल्याशिवाय मागे वळता येत नाही. पळणारा मात्र मोकळा. तो बसलेल्यांच्या मधून हवा तेव्हा आरपार जातो. तो पलीकडे गेला की पाठलाग करणाऱ्याला पलीकडे तोंड असलेल्या गड्याच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ द्यावा लागतो. म्हणजे कायद्याची सारी बंधने पाठलागावर आहेत आणि सारी मोकळीक पळतीला आहे. मग पळणारा बाद का व्हावा?

त्याचे उत्तर श्वासात आहे. प्रत्येक ‘खो’ बरोबर पाठलागाला ताजे पाय मिळतात. पळणाऱ्याचा श्वास एकच, पाठलागाचे श्वास नऊ. पळणाऱ्याची मोकळीक ही त्याला मिळालेली मुदत आहे. ती तो जपून खर्च करील तितकी पुरते. म्हणूनच जुन्या शिक्षकांनी पळतीचे निरनिराळे मार्ग शोधले. एकेरी साखळीत पळणारा प्रत्येक दोन गड्यांमधून नागमोडी जातो. दुहेरी साखळीत दोन-दोन गडी सोडून आरपार होतो. गोलात तो दोन-तीन गड्यांभोवतीच फिरत राहतो आणि पाठलागाला ‘खो’वर ‘खो’ द्यायला लावतो. ह्या तिन्हींच्या मध्ये हुलकावणी असते. आपल्याला जिकडे जायचे नाही तिकडे खांदा टाकावयाचा आणि समोरच्याची दिशा पक्की झाली की उलट निसटावयाचे. उत्तम पळणारा वेगाने पळतो असे नव्हे. तो समोरच्याला पळवतो आणि स्वतः चालल्यासारखा दिसतो.

आता मिनिटे मोजू. मोठ्यांच्या सामन्यात एक पाळी नऊ मिनिटांची आणि पळणारे नऊ. म्हणजे प्रत्येकाने सरासरी एक मिनिट काढले तरी संघाची पाळी भरते. हे वाचताना सोपे वाटते. परंतु पळणारे तिघांच्या तुकडीने येतात. पहिला वीस सेकंदांत गेला आणि दुसरा तीस सेकंदांत गेला, तर तिसऱ्यावर नऊ गड्यांचे लक्ष एकवटते. त्या तिसऱ्याने दोन मिनिटे दहा सेकंद एकट्याने काढली, तरच त्या तुकडीने आपला वाटा, म्हणजे तीन मिनिटे, उचलला असे होईल. आज चांगल्या स्पर्धांच्या वृत्तांतही दोन-अडीच मिनिटांची पळती आवर्जून सांगण्याजोगी ठरते. तेव्हा एक गडी कच्चा असला की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, आणि शेवटी बघ्यांना दिसतो तो तिसरा दमलेला. पहिल्या दोघांची चूक तोवर सारेजण विसरलेले असतात.

ह्याहून खोल गोष्ट गुणांची आहे. बाद केलेल्या प्रत्येक गड्याचा गुण पाठलागाच्या नावावर लागतो. पळणारा तीन मिनिटे टिकला तर रूढ पद्धतीत त्याच्या संघाच्या खात्यात काहीही जमा होत नाही. प्रतिपक्षाला मिळू शकले असते ते गुण फक्त मिळत नाहीत. पळतीचे श्रेय असे वजाबाकीत असते, आणि वजाबाकीतील श्रेय माणसाला सहसा दिसत नाही. ह्याचा परिणाम सरावावर होतो. संध्याकाळचा तास-दीड तास हाती असला की संघनायक तो पाठलागाला देतो, कारण तेथे केलेले काम मोजता येते. नव्या व्यावसायिक सामन्यांच्या नियमकर्त्यांना हा दोष जाणवलेला दिसतो. २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत, आणि पुढे विश्वचषकातही, ठरावीक वेळेपेक्षा अधिक टिकणाऱ्या तुकडीला स्वतंत्र गुण देण्याची तरतूद झाली. टिकून राहण्याला मोल देण्यासाठी नवा नियम करावा लागला, ह्यातच जुन्या हिशेबातील उणीव उघड होते.

३. बसलेले शिकले

पळती अडखळण्याचे पहिले ऐतिहासिक कारण असे की, पाठलाग शहाणा झाला. आरंभीच्या काळी पाठलाग म्हणजे धावणे आणि ‘खो’ म्हणजे दमल्यावर दुसऱ्याला उठवणे, इतकाच अर्थ होता. पुढे ध्यानात आले की, ‘खो’ हे केवळ विश्रांतीचे साधन नव्हे, ते कोंडी करण्याचे शस्त्र आहे. मग पळणाऱ्याच्या मागे धावण्याऐवजी त्याच्या वाटेवर गडी उठवायला सुरुवात झाली. ‘खो’ मिळूनही क्षणभर दबा धरून पळणारा जवळ येताच उठणे, पळणाऱ्याला मुद्दाम खांबाकडे रेटत नेणे, त्याची साखळी ओळखून तिचे पुढचे टोक आधीच बंद करणे, असे डावपेच तयार झाले. साखळी ही पळणाऱ्याची शक्ती होती. पण साखळीला नियमित गती असते, आणि जे नियमित आहे ते शत्रूला पाठ करता येते.

त्यातच सूर मारण्याची कला आली. पूर्वी हातभर अंतराने निसटणारा गडी आता निसटेनासा झाला, कारण पाठलागाचा हात आता देहाच्या लांबीइतका पुढे पोचू लागला. खांबावरचा सूर तर फारच घातक. एका हाताने खांब धरून अंग झोकून दिले की, खांबापलीकडची बरीच जागा एका क्षणात व्यापली जाते. येथे नियमांतील एक किरकोळ वाटणारा बदल लक्षात घ्यावा. पूर्वीच्या नियमपुस्तिकांत मैदान २९ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असे, आणि प्रत्येक खांबापलीकडे २.७५ मीटरचा मोकळा पट्टा असे. नंतर लांबी २७ मीटर झाली आणि तो पट्टा दीड मीटरवर आला. सव्वा मीटर म्हणजे माणसाचे एक मोठे पाऊल. परंतु खांबाला रुंद वळसा घालून सुटणाऱ्या गड्याला नेमके तेच पाऊल हवे असते. एकीकडे सुरामुळे पाठलागाचा हात लांबला, आणि दुसरीकडे पळणाऱ्याची पाठीमागची जागा आखडली. खांबाजवळचा पळणारा आज दोन्ही बाजूंनी चेपला जातो.

ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की, पळतीचे दिवस संपले. पाठलाग शिकला तसे पळतीनेही शिकावयास हवे होते, एवढाच त्याचा अर्थ. परंतु शिकण्यासाठी तुल्यबळ प्रतिपक्ष रोज समोर लागतो. गावातील संघात पाठलाग करणारेही तेच आणि पळणारेही तेच नऊ-बारा जण असतात. ते एकमेकांच्या हुलकावण्या महिन्याभरात ओळखू लागतात, आणि मग सराव म्हणजे जुन्या ओळखीची उजळणी होऊन बसते.

४. माती, मुरूम आणि मॅट

दुसरे कारण पायाखाली आहे. जमीन आणि पळती ह्यांचे नाते नगरच्या श्रोत्यांना निराळे समजावून सांगायला नको. १६२४ साली नगरपासून थोड्याच अंतरावर भातवडी येथे मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांना गाठले. त्याच्याजवळ चपळ घोडदळ होते, समोर संख्येने आणि सरंजामाने जड असे सैन्य. अंबरने तलावाचे पाणी सोडले, भोवतालची जमीन चिखलाची झाली आणि जड फौजेची हालचालच खुंटली. शहाजीराजे ह्या लढाईत अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी येथेच पडले. मोगलांचे शिपाई भातवडीला अचानक भित्रे किंवा दुबळे झाले नव्हते. त्यांच्या पायाखालची जमीन बदलली होती, एवढेच.

आपल्या पोरांचेही थोडेफार तसेच होते. जिल्ह्याच्या बहुतेक शाळा-महाविद्यालयांतील मैदाने काळ्या मातीची किंवा मुरमाची आहेत. काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरमावर वळताना पाय घसरतो. त्यामुळे येथे वाढलेला पळणारा अनवाणी पायाने, थोडा आधीच वेग कमी करून, मोठा वळसा घेऊन वळायला शिकतो. त्या जमिनीपुरते ते शहाणपणच आहे. परंतु अलीकडे मोठ्या स्पर्धा मॅटवर होऊ लागल्या आहेत. मॅटवर बूट घालावे लागतात, पाय घट्ट रोवला जातो, वळण जागच्या जागी घेता येते, आणि पाठलाग करणारा निर्धास्तपणे अंग झोकून देतो, कारण कोपर सोलवटण्याची भीती नसते. ज्याने मॅट कधी पाहिलीच नाही तो पहिल्याच सामन्यात मोठा वळसा घेतो, आणि त्या वळशाच्या मध्यावरच बाद होतो. मुरमावरचे शहाणपण मॅटवर दोष ठरले. वाडिया पार्कसारख्या जिल्ह्याच्या क्रीडासंकुलापर्यंत शहरातील मुलगा सायकलवर पोचतो. जामखेड किंवा अकोल्याच्या मुलाला त्यासाठी दिवस मोडावा लागतो. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या जिल्ह्याची ही अडचण आहे.

५. दूरदेशीचा एक दाखला

हाच प्रश्न दुसऱ्या एका देशात फार जोराने विचारला गेला आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांचा फुटबॉल हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तेथे चेंडू काखोटीला मारून पळतात, आणि प्रतिपक्ष त्याला धरून पाडतो. दोन महाविद्यालयांतील तिथला पहिला सामना १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन ह्यांच्यात झाला, तेव्हा तो बराचसा चेंडू लाथाडण्याचाच खेळ होता. चेंडू घेऊन पळणे पुढच्या काळात मुख्य झाले. १८९२ साली हार्वर्डच्या संघाने गड्यांची पाचर करून, तिच्या आडोशाने पळणाऱ्याला पुढे काढण्याची युक्ती आणली. ही रेटारेटी पुढे इतकी वाढली की, १९०५ च्या हंगामात अठरा खेळाडू मृत्युमुखी पडल्याचे वर्तमानपत्रांनी छापले. त्या वर्षी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना बोलावून कानउघाडणी केली. १९०६ साली नियम बदलले. चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली, आणि पूर्वी तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जावे लागे तेथे दहा यार्डांची अट आली. प्रयत्नांची संख्या तीनवरून चार झाली ती १९१२ साली.

तेव्हापासून त्या देशात प्रत्येक हंगामात कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयाच्या चाहत्यांना हा प्रश्न पडतोच की, आपल्या संघाची पळती का अडते? आणि प्रथम दोष जातो तो चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याकडे. परंतु जाणकार आधी पाहतात ते त्याच्या पुढच्या पाच धिप्पाड गड्यांकडे. हे पाच जण चेंडू घेऊन पळत नाहीत. प्रतिपक्षाला रेटून पळणाऱ्याला वाट करून देणे एवढेच त्यांचे काम. त्यांच्यातील एक जरी क्षणभर उशिरा उठला तर वाट बंद होते आणि पळणारा जागीच गाठला जातो. दुसरे, ज्या संघाला चेंडू फेकता येत नाही त्याच्यापुढे प्रतिपक्ष निर्धास्तपणे आपले सारे गडी आघाडीवर आणून उभे करतो; मग पळायला फटच उरत नाही. तिसरे, आरंभीच पिछाडीवर पडलेल्या संघाला घाई होते, आणि घाईत असलेला संघ पळतीचा संथ मार्ग सोडून देतो.

ह्या तिन्ही गोष्टी आपल्या मैदानावर जशाच्या तशा लागू होत नाहीत, परंतु त्यांचे मर्म लागू होते. पळणारा एकटा दिसतो, पण तो एकटा नसतो. खो-खोत त्याला वाट करून देणारे पाच धिप्पाड गडी नाहीत. तरी बरोबरचे दोन पळणारे आहेत. ते कोठे उभे राहतात, पाठलागाचे लक्ष आपल्याकडे केव्हा ओढून घेतात, आणि दमलेल्याला श्वास घ्यायला वेळ मिळवून देतात की नाही, ह्यावर त्याचे टिकणे अवलंबून असते. ज्याला एकच साखळी येते तो केवळ पळता येणाऱ्या त्या अमेरिकन संघासारखाच. समोरच्याने ती बंद केली की त्याच्याजवळ दुसरे काहीही नसते. आणि पहिल्या पाळीत गुण कमी पडलेला संघ दुसऱ्या पाळीत घाईने पळतो व घाईने बाद होतो, हे तर आपण नेहमीच पाहतो.

६. आपल्या जिल्ह्याचा प्रश्न

आता शेवटच्या आणि माझ्या मते सर्वांत जड कारणाकडे येऊ. महाविद्यालयाचा संघ महाविद्यालयात तयार होत नसतो. तो गावच्या शाळेत, तालमीशेजारच्या मोकळ्या जागेत, एखाद्या ध्येयवेड्या शिक्षकाच्या हाताखाली आठ-दहा वर्षे आधीच तयार होत असतो. महाविद्यालय फक्त पिकलेले फळ उचलते. आपल्या जिल्ह्यात महाविद्यालयीन शिक्षणाचा जम बसला तो स्वातंत्र्यानंतर. अहमदनगर कॉलेज १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनी काढले, पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले, संगमनेरला १९६१ साली महाविद्यालय आले. आणि पुढे तालुक्या-तालुक्यांत महाविद्यालये निघाली. त्यांच्या दारात येणारी मुले मात्र दोन निराळ्या मुलखांतून येत राहिली.

ज्याचे नाव २०२४ साली अधिकृतपणे अहिल्यानगर झाले, तो आपला जिल्हा एक असला तरी त्याचे पाणी एक नाही. उत्तरेस प्रवरा-गोदावरीचे कालवे आहेत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, आणि लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दक्षिणेस आणि पूर्वेस पाथर्डी, जामखेड, कर्जत, शेवगाव हा अवर्षणाचा मुलूख. उत्तरेच्या उसाला तोडणारे हात ज्या मुलखांतून येतात, त्यांत हे दक्षिणेचे तालुकेही आहेत. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे गाड्यांत भरून कोयते निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. खेळाच्या स्पर्धांचा भर नेमका ह्याच महिन्यांत असतो. उसाचा हंगाम आणि खेळाचा हंगाम एकच पडतो. पहाटेपासून फडात राबणाऱ्या आईबापांच्या पाठोपाठ जाणाऱ्या मुलाच्या पायांत दम नाही असे कोण म्हणेल? त्याच्या पायांत दम आहे. पण नोव्हेंबरात तो शाळेच्या मैदानावर नाही, तो फडाच्या बांधावर धाकट्या भावंडाला सांभाळीत बसला आहे. पळतीला सातत्य लागते. सूर महिन्याभरात बसवून घेता येतो, हुलकावणी बसवायला वर्षे जातात. ज्याचे वर्ष दर दिवाळीला तुटते त्याची हुलकावणी कोठून पुरी होणार?

मुलींच्या बाबतीत तुटण्याची जागा निराळी आहे. शाळेत उत्तम पळणारी मुलगी दहावी-बारावीनंतर मैदानावरून दिसेनाशी होते. कधी लग्न ठरते, कधी महाविद्यालय दूर पडते, कधी संध्याकाळची एस. टी. चुकेल म्हणून सराव सुटतो. आणि तरीही पळतीची कला मुलींनी किती उंच नेली हे पाहावयाचे असेल तर फार लांब जायला नको. आपल्या जामखेडच्या शिवेला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळे ह्या २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तो मुलूखही अवर्षणाचाच. तेव्हा कोरडी जमीन ही सबब पुरेशी नाही. कोरड्या जमिनीवर मुलींना मैदानावर टिकवून धरणारी माणसे आणि व्यवस्था असेल तर तेथेही पीक येते.

महाविद्यालयाच्या आतही अडचणी आहेतच. सहामाही परीक्षांनी वर्षाचे दोन तुकडे केले. विद्यापीठाच्या नगर विभागाची स्पर्धा जवळ आली की संघ निवडला जातो, पंधरा दिवस सराव होतो, स्पर्धा संपते आणि संघ पांगतो. पाठलागाचे दोन-चार डाव पंधरा दिवसांत बसतात. तिघांच्या तुकडीने एकमेकांच्या श्वासाचा अंदाज घ्यायला पंधरा दिवस पुरत नाहीत.

७. काय करता येईल

कारणे अशी एकात एक गुंतलेली असल्यामुळे उपायही एक असणार नाही. तरी काही गोष्टी खर्चाच्या नाहीत, लक्ष देण्याच्या आहेत. सामन्याच्या गुणपत्रकावर कोणता गडी किती मिनिटे, किती सेकंद पळाला ह्याची नोंद होतच असते. तो कागद स्पर्धेनंतर रद्दीत जातो. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या पळणाऱ्यांची वेळ वर्षानुवर्षे एका वहीत उतरून ठेवली, तर वजाबाकीतील श्रेय दृष्टीस पडेल. आणि जे दृष्टीस पडते त्याचा सराव आपोआप होऊ लागतो. दुसरे, शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनी महिन्यातून एकदा केवळ पळतीचे सामने खेळावेत, म्हणजे अनोळखी पाठलागाची सवय होईल. तिसरे, तालुक्याला एक मॅट मिळावी आणि ती शाळांना पाळीपाळीने वापरता यावी. चौथे, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी जी हंगामी वसतिगृहे चालतात, तेथे दोन वेळच्या जेवणाबरोबर संध्याकाळचा तासभर खेळही असावा. मूल गावी राहिले पण मैदानावर आले नाही, तर खेळाच्या दृष्टीने ते फडावरच गेले असे होईल.

कोणी विचारील की, एवढा खटाटोप एका खेळाच्या अर्ध्या भागासाठी कशाला? त्याला माझे उत्तर असे आहे. आपल्याकडील बहुतेक खेळांत देहाची उंची, वजन किंवा साहित्याची किंमत आडवी येते. पळतीत ह्यांतील काहीही लागत नाही. किरकोळ अंगाचा, बिनपैशाचा मुलगा किंवा मुलगी नऊ जणांच्या पाठलागातून केवळ डोके शांत ठेवून तीन मिनिटे निसटत राहते, आणि सारे गाव श्वास रोखून पाहते. दुष्काळी मुलखातील मुलांना आपण बरोबरीने उभे राहू शकतो, हे ती तीन मिनिटे जितक्या स्पष्टपणे सांगतात तितके कोणतेही भाषण सांगू शकणार नाही. ती संधी त्यांच्या हातून जात असेल, तर ‘पोरांत दम नाही’ असे म्हणून आपण मोकळे होणे बरे नव्हे. येत्या हंगामात आपल्या गावच्या सामन्याला जाल तेव्हा बाद झालेला गडी मोजाच, पण एक डोळा घड्याळावरही ठेवा. पळणाऱ्याला पाहणारे कोणी आहे, हे त्याला प्रथम कळू द्या. पुढचा अभ्यास तो आणि त्याचे शिक्षक मिळून करतील.